छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओवर शिअर बोल्ट सारखा तुटतो? बोल्ट बदलण्याआधी हे तपासा

बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरला मागच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांडीवर, रोटाव्हेटर, स्लॅशर किंवा चिपर जोडला की सुरुवातीला सगळं छान चालतं. मग एक दिवस शिअर बोल्ट, म्हणजे जास्त भार आला की बाकीचे भाग वाचवायला मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटतो. नवा टाकला की काही वेळाने तोही तुटतो. शेवटी वैतागून कोणी जाड नाहीतर कडक बोल्ट टाकतं. मग बोल्ट टिकतो, पण शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा क्रॉस जॉइंट जातो, पीटीओच्या ऑइल सीलमधून तेल गळायला लागतं, किंवा अवजाराच्या गिअरबॉक्सचं कवचच तडकतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे.

बोल्ट आपलं काम चोख करत असतो. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामधल्या जोडणीत कुठेतरी गडबड आहे, एवढंच तो सांगतो. छोट्या ट्रॅक्टरवर ही गडबड जास्त दिसते, कारण अवजारासोबत येणारा, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा शाफ्ट बऱ्याचदा मोठ्या ट्रॅक्टरचं अंतर धरून बनवलेला असतो. तो आहे तसा बसवला की लांबी चुकते, कोन चुकतो, आणि त्याचा भुर्दंड सगळ्यात कमकुवत भागाला पडतो. म्हणून माझा आग्रह एकच: नवा बोल्ट घालण्याआधी मापं घ्या.

हात घालण्यापूर्वी इंजिन बंद, चावी काढून खिशात, आणि शाफ्ट पूर्ण थांबलेला. अवजार जमिनीवर टेकवलेलं हवं, हवेत लटकतं नको. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो. ३५ मिलिमीटर जाडीच्या उघड्या शाफ्टनेही सेकंदाला जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळलं जातं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. पीटीओवरची ढाल आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून चाचणी घेऊ नका, आणि सीटखालचा स्विच बायपास करून तर अजिबातच नाही.

आधी तुटलेला बोल्ट नीट पाहा

तुटलेले तुकडे फेकू नका. चिंधीने पुसून उजेडात धरा. तुटलेला पृष्ठभाग सपाट आणि चकचकीत असेल, धातू एका बाजूला ओढल्यासारखा पुसला गेला असेल, तर बोल्ट एका फटक्यात कापला गेला आहे. दगड, मूळ, किंवा इंजिन जोरात असताना पीटीओ जोडणं, यांपैकी काहीतरी घडलं असणार. पण पृष्ठभागावर शिंपल्यासारख्या बारीक, एकामागे एक वाकड्या रेषा असतील आणि शेवटचा छोटा भाग तेवढा खरखरीत असेल, तर तो बोल्ट हळूहळू थकून तुटला आहे. प्रत्येक फेरीत त्याला हिसके बसत होते. हे हिसके दगडाचे नव्हेत, ते जोडणीतून येतात. तिसरा प्रकार म्हणजे बोल्टच्या अंगावर पायरीसारखी खाच पडलेली असणं. त्याचा अर्थ बोल्टने जोडलेल्या दोन फ्लँजमध्ये (चकत्यांमध्ये) खेळ आहे किंवा भोकं लांबट झाली आहेत, आणि बोल्ट आत आपटत होता.

बोल्ट नेमका कधी तुटतो, हेही आठवा. पीटीओ जोडताक्षणी तुटत असेल तर जोडण्याची पद्धत पाहा. अवजार वर उचलताना तुटत असेल तर कोन पाहा. सरळ चालताना, जमीन मऊ असूनही तुटत असेल तर योकची (क्रॉसला दोन कानांनी धरणाऱ्या काट्याची) जुळणी, फेऱ्या आणि खोली पाहा. अवजार खाली टेकवताना तुटत असेल किंवा सील गळत असेल तर शाफ्टची लांबी आधी मोजा.

कोन: छोट्या ट्रॅक्टरचं खरं दुखणं

पीटीओची दांडी आणि अवजाराच्या गिअरबॉक्सची दांडी सहसा एका उंचीवर नसतात. समजा उंचीत १५० मिलिमीटरचा फरक आहे. दोन क्रॉसमधलं आडवं अंतर ९०० मिलिमीटर असेल तर शाफ्ट साधारण साडेनऊ अंशांनी कलतो. छोट्या ट्रॅक्टरवर हेच अंतर ४५० मिलिमीटरच असेल तर तोच फरक १८ अंशांवर जातो. अवजार वर उचललं की कोन आणखी वाढतो. मोठ्या ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं अवजार छोट्यावर आल्यावर त्रास देतं, ते यामुळे.

कोन वाढला की नेमकं काय होतं? एकटा क्रॉस जॉइंट कोनात फिरताना पुढची दांडी सारख्या वेगाने फिरवत नाही. एका फेरीत ती दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे पडते. कोन २० अंश असेल तर ५४० फेऱ्या देताना मधल्या नळीचा वेग ५०७ ते ५७५ यांदरम्यान खालीवर होतो. ३० अंशांवर हाच पट्टा ४६८ ते ६२३ होतो. म्हणजे सेकंदाला १८ वेळा ढकला-ओढ. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हे उलट करून वेग पुन्हा सारखा करतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या नळीच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत हवेत.

पहिली अट टॉप लिंकने, म्हणजे अवजाराला वरून जोडणाऱ्या, लांबी बदलता येणाऱ्या दांड्याने साधता येते. सपाट जागेवर अवजार कामाच्या खोलीएवढं टेकवा. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप किंवा साधा कोनमापक पीटीओच्या दांडीवर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग गिअरबॉक्सच्या दांडीवर ठेवा. दोन्ही दांड्या एकमेकींना समांतर होईपर्यंत टॉप लिंक लांब-आखूड करा. ‘रोटाव्हेटर मागून उचललेला दिसला की माती बारीक होते’ म्हणून टॉप लिंक वाटेल तशी फिरवणारे बरेच असतात. मातीचा पोत हवा तर पुढे जायचा वेग आणि मागची फळी यांनी साधा. टॉप लिंकचं पहिलं काम दांड्या समांतर ठेवणं हे आहे.

दुसरी अट शाफ्ट जोडताना चुकते. लिंबाच्या आकाराची नळी असेल तर ती दोनच प्रकारे बसते आणि दोन्ही बरोबर असतात. तीन पाकळ्यांची नळी मात्र तीन प्रकारे बसते, त्यांतला एकच बरोबर. साफसफाईसाठी शाफ्टचे दोन भाग वेगळे केले, ग्रीस लावून पुन्हा घातले, आणि त्यानंतर बोल्ट तुटायला लागले, अशी गोष्ट असेल तर इथेच पाहा. शाफ्ट जमिनीवर आडवा ठेवा आणि नळीला लागून असलेल्या आतल्या दोन योकच्या कानांकडे बघा. एकाचे कान आडवे तर दुसऱ्याचेही आडवेच दिसले पाहिजेत. तसे नसतील तर दुसरा क्रॉस चढउतार पुसून टाकण्याऐवजी त्यात भर घालतो. अगदी वाईट जुळणीत, २० अंशांवर, अवजाराच्या दांडीचा वेग ४७७ ते ६११ असा झोके खातो. थकून तुटलेल्या बोल्टवरच्या त्या शिंपल्यासारख्या रेषा अशाच झोक्यांनी उमटतात. जुळणी बरोबर झाली की दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको.

अवजार वर घेताना पीटीओ बंद करायची सवय लावा. ते जमत नसेल, म्हणजे बांधाशी वळताना फिरतं अवजार उचलावंच लागत असेल, तर लिफ्टच्या लिव्हरला स्टॉप लावून उंची मर्यादित करा. पाती जमिनीतून सुटतील एवढी उंची वळायला पुरते.

लांबी: कापण्याआधी दोन्ही टोकं मोजा

शाफ्ट लांब असला तर अवजार वर-खाली होताना कुठल्यातरी एका जागी आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला जाऊन भिडते. त्या क्षणी शाफ्ट खांबासारखा कडक होतो आणि लिफ्टची सगळी ताकद पीटीओच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या दांडीवर जाते. सील गळणं, बेअरिंग घोंघावणं, कवच तडकणं, हे सगळं यातून येतं. शाफ्ट वेगळा करून आतल्या नळीचं टोक पाहा. कडा बाहेर फाकल्यासारख्या, ठोकल्यासारख्या झाल्या असतील तर शाफ्ट तळाला भिडत होता, दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

मापाची पद्धत अशी. शाफ्ट न लावता अवजार तीन जागी जोडा. लिफ्ट सावकाश वर-खाली करत दोन दांड्यांमधलं अंतर सगळ्यात कमी कुठे होतं ते शोधा. बऱ्याचदा ते दोन्ही दांड्या एका रेषेत येतात तिथे असतं. त्या जागी अवजाराखाली भक्कम आधार द्या आणि इंजिन बंद करा. नुसत्या हायड्रॉलिकवर तोललेल्या अवजाराखाली जाऊ नका. आता शाफ्टचा एक भाग ट्रॅक्टरवर आणि दुसरा अवजारावर बसवा आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरा. नळीचं टोक समोरच्या योकजवळच्या कव्हरला भिडण्याच्या साधारण २५ मिलिमीटर आधी खूण करा. जेवढी आतली नळी कापाल तेवढीच बाहेरची आणि तेवढीच दोन्ही कव्हरं. कापल्यावर आतून-बाहेरून कानशीने घासून धार घालवा, लोखंडाचा चुरा पुसून काढा, मग ग्रीस. हा चुरा राहिला तर नळ्या सरकताना अडकतात आणि न भिडताच शाफ्ट कडक होतो.

दुसरं टोक विसरू नका. अवजार ट्रॅक्टरपासून सगळ्यात दूर असेल त्या जागी दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीने अडकलेल्या असाव्यात. त्याहून कमी असेल तर नळ्या पिळल्या जातात किंवा चालताना सुटून बाहेर येतात. मागे क्विक हिच (अवजार पटकन अडकवायची चौकट) बसवलं असेल तर अवजार साधारण १०० मिलिमीटर मागे सरकतं, म्हणजे पूर्वी बरोबर असलेली लांबी आता अपुरी ठरू शकते. उलट ओव्हररनिंग क्लच (फिरत्या अवजाराला ट्रॅक्टर ढकलू न देणारा) लावला की शाफ्टला वाव कमी उरतो आणि तो पुन्हा कापावा लागतो. नवा भाग लावला की माप नव्याने घ्यायचं.

फेऱ्या आणि दिशा

मागचं पीटीओ मुळात कुठून येतंय हे पाहिल्याशिवाय अवजार जोडू नका. प्रमाणित मागचं पीटीओ म्हणजे ६ दात्यांची, ३५ मिलिमीटर जाडीची दांडी, मिनिटाला ५४० फेऱ्या, आणि ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी. २१ दात्यांची तेवढ्याच जाडीची दांडी १००० फेऱ्यांची असते. छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालचं, गवत कापायच्या डेकसाठी असलेलं मधलं पीटीओ मात्र बरेचदा २००० किंवा त्याहून जास्त फेऱ्यांचं असतं. तिथून पट्टा किंवा चेन घेऊन मागे दांडी काढलेली असेल आणि मध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स नसेल, तर ५४० साठी बनवलेलं अवजार जवळजवळ चौपट वेगाने फिरेल. असं अवजार एकदाही चालवून पाहू नका. पाती सुटून गोळीसारखी उडतात.

मधला गिअरबॉक्स बसवलेला असेल तरी एक हिशेब लक्षात घ्या. १५ अश्वशक्ती ३६०० फेऱ्यांच्या इंजिनावर सुमारे ३० न्यूटन-मीटर पीळ देते. तीच ताकद ५४० फेऱ्यांवर आणली की पीळ सुमारे २०० न्यूटन-मीटर होतो. म्हणून डेक आरामात चालवणारे पट्टे, दांडीच्या खाचेत बसणाऱ्या चाव्या आणि इलेक्ट्रिक क्लच मागच्या बाजूला, म्हणजे वेग कमी केल्यानंतर लावले तर तग धरत नाहीत. पट्टा किंवा क्लच लागणारच असेल तर तो गिअरबॉक्सच्या आधी, जास्त फेऱ्यांच्या बाजूला ठेवा. इलेक्ट्रिक क्लच घसरत असेल तर तो उघडण्याआधी चालू इंजिनावर बॅटरीचा व्होल्टेज मोजा. व्होल्टेज कमी असला की चुंबक नीट धरत नाही. मग चकत्यांमधली फट फीलर गेजने पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहा.

आणखी एक सवय सोडावी लागेल: इंधन वाचवायचं म्हणून कमी थ्रॉटलवर रोटाव्हेटर चालवायचा. फेऱ्या कमी आणि पुढे जायचा वेग तोच ठेवला तर प्रत्येक पात्याला जास्त माती कापावी लागते. बोल्टला अश्वशक्तीशी देणंघेणं नसतं, तो पिळाने तुटतो. इंजिनाच्या किती फेऱ्यांवर पीटीओ ५४० देतं ते ट्रॅक्टरच्या मीटरवर खुणावलेलं असतं. खूण नसेल तर ढाल जागेवर ठेवून, दांडीच्या उघड्या टोकावर चमकणारी पट्टी चिकटवून, हातातल्या टॅकोमीटरने लांबूनच मोजा. पट्टी मात्र इंजिन बंद असताना चिकटवा.

आता बोल्टकडे

इथवर सगळं ठीक निघालं तर बोल्टचा विचार करा. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. ८.८ चा बोल्ट ४.६ च्या दुप्पट ताण सहन करतो, म्हणजे तो घातला तर गिअरबॉक्सपर्यंत दुप्पट मार पोहोचतो. अवजाराच्या पुस्तिकेत जी प्रत लिहिली असेल तीच घाला, वरची नको आणि खालचीही नको.

प्रत बरोबर असूनही बोल्ट लवकर तुटण्याचं एक कारण सहज नजरेतून सुटतं. पूर्ण लांबीभर आटे पाडलेला बोल्ट वापरलेला असतो आणि दोन फ्लँज जिथे भेटतात तिथे नेमके आटे येतात. ८ मिलिमीटरच्या बोल्टचं गुळगुळीत भागातलं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर असतं. आट्यांच्या जागी ते ३७ च्या आसपास उरतं. म्हणजे ताकद पाऊण भागाहूनही थोडी कमी उरते. कापलं जाण्याची जागा बोल्टच्या गुळगुळीत भागात येईल असा अर्धे आटे असलेला बोल्ट निवडा. नट घट्ट करा, कारण सैल बोल्ट भोकात आपटतो. भोकं लांबट झाली असतील तर फ्लँज बदला किंवा भोकात नवी बुश बसवून घ्या. मोठं भोक पाडून मोठा बोल्ट घालणं म्हणजे कडक बोल्ट घालण्यासारखंच आहे.

शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच (जास्त भार आला की घसरणारा) असेल तर पावसाळाभर किंवा हिवाळाभर पडून राहिल्यावर त्याच्या चकत्या गंजून चिकटतात. मग तो घसरतच नाही आणि सगळा धक्का क्रॉसवर जातो. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट किती फिरवले ते मोजत सैल करा, बाहेरून दिसतील अशा चकत्यांवर खडूने एक सरळ रेघ ओढा, पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून बंद करा. रेघ तुटलेली दिसली तर क्लच सुटला. मग नट मोजून तेवढेच परत आवळा.

जोडणीच्या पिना आणि पुढचं वजन

छोट्या ट्रॅक्टरचं थ्री पॉइंट लिंकेज दोन मापांचं येतं. शून्य श्रेणीत पिना १६ मिलिमीटरच्या असतात. पहिल्या श्रेणीत खालच्या पिना २२ आणि टॉप लिंकची १९ मिलिमीटरची असते. लहान पिन मोठ्या भोकात बुश न घालता बसवली की अवजार डोलतं आणि शाफ्टचा कोन दर झटक्याला बदलतो. योग्य बुश घाला आणि दोन्ही बाजूंच्या चेकचेन (अवजाराचं डोलणं रोखणाऱ्या साखळ्या) सारख्या आवळा.

मागे जड अवजार लटकलं की पुढची चाकं हलकी होतात. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहील इतकं वजन पुढे लावा, नाहीतर स्टिअरिंग ऐकत नाही.

पीटीओ गिअरबॉक्समधून चालणारं असेल, म्हणजे चाकांचा आणि पीटीओचा क्लच एकच असेल, तर फिरतं जड स्लॅशर क्लच दाबल्यावरही ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतं. हा ब्रेकचा दोष नाही. तिथे ओव्हररनिंग क्लच लावलाच पाहिजे, नाहीतर झाडाशी किंवा भिंतीशी थांबता येत नाही. आणि तो लावला की वर लिहिल्याप्रमाणे शाफ्टची लांबी पुन्हा मोजायची.

पहिली चाचणी

शाफ्ट बसवताना लॉकची पिन खाचेत टक्कन बसल्याचा आवाज आला पाहिजे. त्यानंतर योक हाताने जोरात मागे ओढून पाहा. कव्हरच्या साखळ्या न फिरणाऱ्या भागाला अडकवा. अवजार जमिनीपासून थोडं वर धरून, इंजिन मंद ठेवून पीटीओ जोडा, मग हळूहळू थ्रॉटल वाढवा आणि अवजार सावकाश टेकवा. रोटाव्हेटर असेल तर पहिल्या फेरीला निम्मीच खोली ठेवा. कडक जमीन दोन फेऱ्यांत करणं छोट्या ट्रॅक्टरला नेहमीच सोसतं.

दहा-पंधरा मिनिटं काम करून सगळं बंद करा. शाफ्ट थांबल्यावर दोन्ही क्रॉसजवळ आधी नुसता हात धरून पाहा, फार तापलेला वाटला नाही तरच टेकवा. एक क्रॉस कोमट आणि दुसरा चटका देणारा लागला तर दोन टोकांचे कोन अजून सारखे नाहीत, किंवा त्या क्रॉसमध्ये ग्रीस पोहोचत नाही. ग्रीस गनने भरताना चारही टोकांतून ताजं ग्रीस डोकावलं पाहिजे. एखाद्या टोकातून येत नसेल तर त्या टोकाच्या कपातल्या सुया (सुईसारखी बेअरिंग) कोरड्या चालत आहेत, तो क्रॉस बदला. कामाच्या दिवसांत दर ८ ते १० तासांनी ग्रीस द्या, आणि सरकणाऱ्या नळ्यांनाही द्या. पहिल्या तासानंतर शिअर बोल्टचा नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. नव्या बोल्टखाली रंग आणि गंज दबला की तो हमखास थोडा सैल होतो.